पेन्सिल सेलपासून फुगलेल्या बॅटरीपर्यंत

आजचा विषय गेम्सचा नाही, गेम्सच्या पोटातल्या बॅटरीचा आहे.

१९८९ साली निन्टेन्डोचा गेम बॉय आला. चार पेन्सिल सेल, स्क्रीन हिरवट, मागे दिवा नाही. गुन्पेई योकोई आणि त्यांच्या टीमने मुद्दामच जुनं, स्वस्त तंत्रज्ञान घेतलं होतं. पुढच्याच वर्षी सेगाने रंगीत, दिवा असलेला गेम गिअर काढला. देखणा होता, पण सहा सेल जेमतेम तीन ते पाच तासांत गिळायचा. मला विचाराल तर ती लढाई ग्राफिक्सने नाही, सेलच्या खर्चाने ठरवली.

रिचार्जेबल सेल तेव्हाही होते, पण निकेल-कॅडमियमचे. ते अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केले तर त्यांची क्षमता घटते, असं मानलं जायचं. म्हणून "पूर्ण उतरव, मगच चार्जिंगला लाव" हा सल्ला घराघरांत पोचला. गंमत अशी की केमिस्ट्री बदलली, सल्ला तसाच राहिला. आजही आपले काका-मामा फोनबद्दल हेच सांगतात!

सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. निन्टेन्डोच्या हँडहेल्डमध्ये ती आतच बसवलेली मिळाली ती २००३ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीमध्ये. तीन तास चार्जिंग, दिवा लावून साधारण दहा तास खेळ. (हेडफोनला वेगळी जागाच नव्हती. अ‍ॅडॉप्टर घ्या आणि चार्जिंगच्याच पोर्टमध्ये खुपसा. हे डिझाइन कोणी पास केलं, देव जाणे.) पुढच्या वर्षीच्या पीएसपीची बॅटरी तर मागचं झाकण सरकवून हातानेच काढता यायची.

आता ती यंत्रं वीस वर्षांची झालीत आणि बरीचशी ड्रॉवरमध्ये पडून आहेत. खरा घोळ इथेच आहे. लिथियम सेल पडून राहिला तरी हळूहळू उतरतो, त्यात त्याचं संरक्षण सर्किटही थोडा करंट खातच असतं. व्होल्टेज फार खाली गेलं की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो, आणि असा सेल जबरदस्तीने पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. उलट शंभर टक्के भरून ठेवला, त्यात उष्णता मिळाली, तर इलेक्ट्रोलाइट बिघडून गॅस होतो. मग बॅटरी फुगते, झाकण उचललं जातं. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली बॅटरी म्हणजे दोन्ही शत्रू एकत्र.

म्हणून मी काय करतो? साधारण निम्मं चार्ज, थंड-कोरडी जागा, बॅटरी निघत असेल तर काढून वेगळी, आणि कॅलेंडरवर दर सहा महिन्यांचा रिमाइंडर. स्विचसाठी निन्टेन्डोही सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करायला सांगते. फुगलेली बॅटरी मात्र टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात नाही. थेट ई-कचरा संकलनात द्यायची.

पीएसपी गो, व्हिटा, स्विच... पुढे बॅटऱ्या आत बंद होत गेल्या. आता युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक पोर्टेबल उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. म्हणजे पीएसपीचं ते सरकतं झाकण कायद्याच्या वाटेने परत येतंय म्हणा ना.

तुमच्या ड्रॉवरमध्ये कुठलं यंत्र आहे? आज उघडून बघा, आणि झाकण सपाट आहे का, ते आधी तपासा.