तबकाच्या पाठीवरील चार अक्षरे

बदलीचा हुकूम घेऊन कुंभकोणमला आलो, तेव्हा येथे मराठी कानी पडेल अशी अपेक्षा नव्हती. परंतु तंजावर येथून अवघे ४० किलोमीटर; भोसल्यांच्या दरबाराबरोबर दक्षिणेत स्थिरावलेली काही घराणी या गावीही आहेत. अशाच एका घरी वृद्ध यजमानांनी फडक्यात गुंडाळलेले तबक पुढे ठेवले. ‘दुसऱ्या सरफोजी महाराजांनी आमच्या पूर्वजांस दिलेले,’ ते म्हणाले. नातवाच्या शिक्षणासाठी ते विकावयाचे होते. मला जुन्या वस्तूंचा नाद आहे हे ऐकून त्यांनी अभिप्राय विचारला.

तबक पालथे केले. चार निरनिराळ्या ढालींत चार इंग्रजी अक्षरे होती : ई, पी, एन, एस. विलायती चांदीवर सिंह, शहराचे चिन्ह, वर्षाचे अक्षर व कारागिराची आद्याक्षरे अशी ओळ असते. मुलाम्याच्या मालावरील या ढालींमुळे नेमका त्या ओळीचा भास होतो. अक्षरांचा अर्थ मात्र सरळ आहे : विजेने चांदीचा मुलामा दिलेले ‘निकेल सिल्व्हर’. आपल्या घरांत त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. त्यात तांबे, निकेल व जस्त असते. चांदी गुंजभरही नाही. या मुलाम्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली घेतले, आणि सरफोजी महाराज तर १८३२ सालीच निवर्तले होते.

मुकुटाचा छाप पाहून राजदेणगी समजणारेही पुष्कळ. शेफील्डच्या तपासणी कचेरीने १७७३ पासून दोनशे वर्षे अस्सल चांदीवर मुकुट उमटविला हे खरे; पण एल्किंग्टन यांच्या जुन्या मुलाम्याच्या भांड्यांवरही मुकुटच आहे! उलट, सिंहाचा छाप नाही म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. ब्रिटिश अमदानीत चांदी तपासून तसा छाप मारणारी कचेरी हिंदुस्थानात नव्हती. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स यांच्या चांदीच्या भांड्यांवर केवळ पेढीचे नाव आढळते. गावच्या सोनाराचे काम तर बहुधा निनावीच.

तबकाच्या कडेचा मुलामा झिजून पिवळट धातू दिसत होता. तो दाखवून मी सालांचा हिशेब सांगितला. बोलताना जीभ जड झाली. यजमान काही वेळ गप्प राहिले, मग आत जाऊन एक काळवंडलेली अत्तरदाणी घेऊन आले. ‘हिच्याविषयी आम्हांस कोणी काहीच सांगितलेले नाही.’ तिच्यावर एकही छाप नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही ती सराफाकडे कसाला लावली. ती चांदीची निघाली.