ग्रंथ, अनुभव आणि पंडिता रमाबाई

ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि दिघी, विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. या रस्त्याने चालणाऱ्या वारकऱ्याला एक प्रश्न ओळखीचा आहे : मोठा कोण, ग्रंथ की अनुभव? ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. ग्रंथाचा मान राखला आणि तो पंडितांच्या वाड्यातून बाहेरही काढला. पुढच्या संतांनी तर स्वानुभवाची साक्ष काढल्याशिवाय शब्द उच्चारला नाही.

हाच प्रश्न ख्रिस्ती माणसापुढेही उभा राहतो. विश्रांतवाडी, येरवडा, धानोरी या भागात मंदिर, विहार, मशीद आणि चर्च एकमेकांच्या शेजारी आहेत. रविवारी चर्चला जाणाऱ्या कुटुंबातही लग्न मोडायची वेळ येते, जातीबाहेरचा जावई येतो, म्हाताऱ्या आईबापांचा प्रश्न येतो. अशा वेळी पवित्र शास्त्रात लिहिले आहे ते प्रमाण मानायचे, की आयुष्याने जे शिकवले ते? धर्मपंडितांनी यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. पण आपल्या पुण्याशी जोडलेल्या एका बाईंनी हा प्रश्न जगून पाहिला. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक. तो मोडून त्यांनी पत्नीला शिकवले आणि त्या आईने रमाबाईंना शिकवले. म्हणजे ग्रंथाचा दरवाजाच मुळी त्यांच्यासाठी दंडक मोडून उघडला गेला होता. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्यावर आकाश कोसळले. व्रते, उपास, दानधर्म, सारे शास्त्रात सांगितल्याप्रमाणे चालू होते. जवळचा पैसा धर्मकार्यात संपला होता. मोलमजुरी करणे विद्वान ब्राह्मणाला शोभत नाही ही समजूत होती आणि दुसरे कोणते काम शिकलेले नव्हते. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. ग्रंथावरचा त्यांचा विश्वास पहिल्यांदा हलला तो इथे, वादविवादात नव्हे, भुकेत.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचू लागल्या. पुढे १९०७ मध्ये आपल्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवले, की या ग्रंथांचे बाकी सगळ्या बाबतींत एकमेकांशी पटत नव्हते. स्त्री हीन आहे आणि पतीच्या सेवेखेरीज तिला गती नाही, एवढ्यावर मात्र एकमत होते. ज्या आईने रमाबाईंना विद्या दिली तिच्याविषयी ग्रंथ असे बोलत होता. आईचा अनुभव खरा मानायचा की ग्रंथाचे वचन?

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पती वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वॉन्टेज इथल्या अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाने. या भगिनींचे काम पुण्यातही होते, पंचहौद मिशनमध्ये. पुणेकरांना ते मिशन आठवते १८९० च्या चहाच्या ग्रामण्यामुळे. चहा प्याल्याबद्दल टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा विषय गेला होता. ग्रंथ, रूढी आणि माणसाची बुद्धी यांचा झगडा त्या काळी पुण्यात दोन्हीकडे चालू होता, हे लक्षात ठेवायला हवे.

इंग्लंडमध्ये रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅम भागातले एक घर पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांची या भगिनी तिथे सेवा करीत होत्या. रमाबाईंनी विचारले, तुम्ही यांची दया का करता? उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवण्यात आला. येशू विहिरीवर बसून एका शोमरोनी बाईशी बोलतो, ती गोष्ट. म्हणजे आधी डोळ्यांनी पाहिले, मग ग्रंथात त्याचा उगम सापडला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यात फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचाही वाटा होता. गोरेशास्त्रीही मूळचे चित्पावन, काशीचे पंडित. बुद्धीला पटवून घेत घेतच ते ख्रिस्ती झाले होते.

पण बाप्तिस्मा झाला म्हणून प्रश्न मिटला नाही; खरा प्रश्न तिथून सुरू झाला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना भाषा शिकवावी अशी कल्पना निघाली. हिंदुस्थानातल्या बिशपांचे मत पडले, की याने स्वदेशातली त्यांची पत कमी होईल. ज्या बाईने कलकत्त्यात पुरुषांच्या भरसभेत शास्त्रचर्चा केली होती, तिला हे ऐकावे लागले. त्यांनी सिस्टर जेराल्डीन आणि मिस डोरोथिया बील यांना जी पत्रे लिहिली ती पुढे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातला सूर स्पष्ट आहे : एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही. चर्चची मतप्रणाली त्या वचनावचनाने तपासू लागल्या. हे पवित्र शास्त्रात कुठे आहे, असे विचारू लागल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. मला ती कळत नाहीत आणि माझ्या देशातल्या बायकांनाही कळणार नाहीत, तेव्हा संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही. सिस्टरांना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंना स्वतःचे स्वातंत्र्य.

इथे एक गंमत दिसते. चर्चशी भांडताना रमाबाई ग्रंथाचा आधार घेतात आणि ग्रंथाचा अर्थ लावताना आपल्या सद्सद्विवेकबुद्धीचा. दोन्ही बाजूंनी त्या एकाच गोष्टीला नकार देत होत्या : माझ्या आणि देवाच्या मध्ये बसून शेवटचा निकाल दुसऱ्याने द्यावा, याला.

जगाच्या इतिहासात हा वाद नवा नाही. अँग्लिकन पंथात शास्त्र, परंपरा आणि बुद्धी असे तीन आधार सांगण्याची पद्धत आहे; मेथॉडिस्टांनी त्यात अनुभवाची भर घातली. नुसता ग्रंथ हातात असून भागत नाही, हे अमेरिकेने दाखवून दिले होते. गुलामगिरी योग्य म्हणणारे आणि अन्याय म्हणणारे, दोघेही एकच बायबल वाचत होते. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी रमाबाई त्या देशात हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिले.

त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. १८९० मध्ये ते पुण्यात आले. बालविधवांचे हे घर धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. सल्लागारांत रानडे, भांडारकर होते. पण १८९१ च्या सुमारास रमाबाईंना नवा अनुभव आला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या म्हणत. स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे. मुली येऊन बसत. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा एक मुद्दा आजही बाजूला सारता येत नाही. जिला दुसरा आसराच नाही अशा पोरक्या मुलीचे मन कितपत मोकळे असते? स्वतःच्या अनुभवाची खात्री जितकी पक्की, तितकी दुसऱ्याच्या मनाला जागा देण्याची जबाबदारी मोठी. रमाबाईंचे म्हणणे होते, की मी कोणावर सक्ती केली नाही आणि माझी प्रार्थना मी लपवणारही नाही. वाचकाने दोन्ही बाजू ऐकाव्यात.

पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचलेल्या शेकडो मुलीबाळींना घेऊन आल्या. दौंडच्या वाटेवर केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. १८९७ च्या प्लेगात पुण्यातल्या सरकारी बंदोबस्तात बायकांचे जे हाल झाले त्यावर त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते, म्हणून लेखणी आवरली नाही.

१९०५ मध्ये मुक्तीमध्ये मोठी धर्मजागृती झाली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापांची कबुली देत. काही मिशनरी बिचकले. रमाबाईंनी हे थांबवले नाही; हिंदी माणसाने आपल्या रीतीने देवाला हाक मारावी, असे त्यांचे मत होते. कोणाला वाटेल, की आता त्या पूर्णपणे अनुभवाच्या बाजूला गेल्या. पण याच काळात त्यांनी हातात घेतलेले काम पाहा. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. खेड्यातल्या बाईला कळेल असे हवे, हा हट्ट. मुक्तीच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवीत होत्या. या कामाला आयुष्याची अखेरची पंधरा-सोळा वर्षे गेली. १९२१ मध्ये मनोरमा गेल्या, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले.

अनुभवाचा एवढा पूर आलेला असताना त्या व्याकरण आणि कोश घेऊन का बसल्या? अनुभव प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो फसवूही शकतो. तो पडताळून पाहायला सर्वांच्या हाती सारखाच असेल असा ग्रंथ हवा. पण ग्रंथ ज्याला वाचता येतो त्याच्याच हाती सत्ता राहते, हेही त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. म्हणून त्यांनी दुष्काळातून वाचवलेल्या मुलींच्या हाती ग्रंथच देऊन टाकला.

हा प्रश्न रमाबाईंबरोबर संपला नाही. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्यागासारखे आणखी काही सिद्ध करावे लागे. शुभवर्तमानातली वचने पुढे करून हा विषय वर्षानुवर्षे टाळला गेला. मार खाणाऱ्या, टाकून दिलेल्या बायकांनी आपले अनुभव न्यायालयात मांडले. १९९५ मध्ये केरळ आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. पुष्कळ चर्च-संघटनांनीही बदलाची मागणी केली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. शास्त्रातले एक अक्षरही बदलले नव्हते. या वेळी ते वाचताना त्या बायकांचे म्हणणे ऐकून घेतले गेले, एवढाच फरक.

ग्रंथ की अनुभव, असे कोणी विचारले तर रमाबाईंच्या आयुष्यावरून एक साधी कसोटी सांगता येते. ग्रंथाचा अर्थ लावताना ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार आहे, त्याला बोलू दिले का? आणि माझा अनुभव मी सांगतो, तेव्हा दुसऱ्याला तो पडताळून पाहण्याची मुभा देतो का? पहिल्या प्रश्नासाठी रमाबाई बिशपांशी भांडल्या. दुसरा प्रश्न पुणेकरांनी त्यांनाच विचारला. ही दोन्ही ऋणे आपल्यावर आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)