वाढीच्या तक्त्याचं कूळ

वाशिम जिल्ह्यातल्या अंगणवाडीत वजनाच्या दिवशी सेविका बाळाचे कपडे उतरवते, त्याला काट्याच्या झोळीत घालते आणि रडणं थांबून काटा स्थिर व्हायची वाट पाहते. मग तक्त्यावर ठिपका. हिरव्या पट्ट्यात पडला तर ठीक, पिवळ्यात कमी वजन, नारिंगीत तीव्र कमी वजन.

या तक्त्याचं मूळ नायजेरियात आहे. इमेसी-इले या गावात काम करताना डेव्हिड मॉर्ले या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने वाढीचं कार्ड आईच्याच हाती दिलं. एका वजनावरून काही कळत नाही, रेघ वर चाललीय की आडवी झालीय ते पाहायचं, हे त्याचं सूत्र. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तक्ता पुढे आपल्या अंगणवाड्यांत रुजला. तेव्हा कुपोषणाच्या चार श्रेण्या असत आणि त्यांची मोजपट्टी होती बोस्टनच्या मुलांची. मग ‘आपली मुलं मुळातच बारीक’ असं म्हणायला सगळे मोकळे.

ती पळवाट जागतिक आरोग्य संघटनेने बंद केली. 1997 ते 2003 या काळात पेलोटास, अक्रा, दक्षिण दिल्ली, ओस्लो, मस्कत आणि डेव्हिस इथल्या, अंगावर पाजलेल्या आणि नीट सांभाळलेल्या मुलांची मापं घेतली गेली. सहाही ठिकाणी पहिल्या पाच वर्षांतली उंची जवळपास सारखीच वाढली. 2006 मध्ये जाहीर झालेली ही मानकं भारताने 2008 मध्ये स्वीकारली. श्रेण्या गेल्या, मुलामुलींचे तक्ते वेगळे झाले. या अभ्यासाचे आपल्या लेकरांवर मोठे उपकार आहेत, असं मी मानतो.

हाच वाशिम 2018 मध्ये विकासात मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठीच्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमात आला; सोबत गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद. संयुक्त राष्ट्रांची 2015 ची शाश्वत विकास उद्दिष्टं गावपातळीवर उतरवण्याचा हा एक मार्ग. नीती आयोगाचे 49 निर्देशक, त्यांत कमी वजनाची आणि खुजी मुलंही. सेविकेचा ठिपका आता दिल्लीतल्या क्रमवारीत मोजला जाऊ लागला. 2021 पासून तो पोषण ट्रॅकर या मोबाईल ॲपवरही चढतो.

इथेच मला काळजी वाटते. जिल्ह्याचा क्रमांक ठिपक्यावर ठरला, की ठिपका वर सरकवण्याचा मोह होणारच. सेविकेला आढावा बैठकीत जाब विचारण्याआधी तिचा काटा नीट चालतो का, हे विचारलं पाहिजे. कारण उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेलं, किंवा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असलेलं मूल ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषित) म्हणून नोंदलं गेलं, तरच ग्राम बालविकास केंद्रातला जादा आहार आणि औषधं त्याच्यापर्यंत पोचतात.