मोठ्या डिकीची वेगवान गाडी

'इस्टेट' म्हटलं की आपल्याकडे आधी सातबारा आठवतो आणि मग भावाभावांची भांडणं. ब्रिटिश लोक मात्र एका प्रकारच्या गाडीला इस्टेट म्हणतात. अमेरिकन तिला स्टेशन वॅगन म्हणतात आणि जर्मन कॉम्बी. कृती अगदी सोपी आहे. एक सेडान घ्या, तिचं छत पार मागच्या टोकापर्यंत ओढत न्या, आणि तिथे वर उघडणारा पाचवा दरवाजा लावा. झाली इस्टेट. या विकांताला मला लिहायचंय ते या गाड्यांच्या एका विचित्र पोटजातीबद्दल. मागे बाबागाडी, डायपरचे गठ्ठे आणि कुत्रा, तर पुढे स्पोर्ट्स कारला घाम फोडेल असं इंजिन!

हे खूळ डोक्यात शिरायला एक कारण आहे. घरात बाळ आलं की आपल्याकडे बापाला जे सल्ले मिळतात, त्यात "आता जरा फॅमिलीवाली गाडी बघ" हा हमखास असतो. मलाही मिळाला. सल्ल्यात गैर काहीच नाही. पण त्याच्या पोटात एक गृहीतक दडलेलं असतं : गाडी चालवण्याची मजा ही लग्नाआधीची गोष्ट, पुढे फक्त वाहतूक. हे गृहीतक न मानणाऱ्या लोकांनी काय काय केलं, ते बघायला गेलो तर भलताच मजेशीर इतिहास हाती लागला.

सुरुवात जर्मनीपासून करू. तिथे बराच काळ कॉम्बी म्हणजे कामकऱ्याची गाडी. रंगारी, प्लंबर, सुतार असे लोक शिड्या आणि डबे टाकून कामावर न्यायचे ती. आपण टेम्पोकडे ज्या नजरेने बघतो, साधारण तीच नजर. मर्सिडीजने स्वतःच्या कारखान्यातली पहिली इस्टेट दाखवली तीच मुळी १९७७ साली, १२३ मालिकेत. आणि नाव देताना 'कॉम्बी' हा शब्द टाळून नुसतं 'टी' हे अक्षर लावलं : टूरिझम आणि ट्रान्सपोर्टमधला टी. ऑडीने 'अवांत' म्हटलं, बीएमडब्ल्यूने पुढे 'टूरिंग'. म्हणजे सगळ्यांना गाडी तीच विकायची होती, फक्त त्यातला रंगारी गिऱ्हाईकाला आठवू द्यायचा नव्हता.

पण नुसतं नाव बदलून भागत नाही. यात इंजिनीअरिंगची खरी अडचण आहे. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी एक आडवी भिंत असते आणि काचेखाली पत्र्याची फळी. या दोन्हींमुळे गाडीचा सांगाडा पीळ पडू देत नाही. बुटांच्या खोक्याचं झाकण काढून तो पिळून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय ते. इस्टेटमध्ये ती भिंतही नाही आणि फळीही नाही. वर मोठा दरवाजा, मोठी काच, म्हणजे मागे वजन वाढलं. मागच्या चाकांचा आवाज थेट केबिनमध्ये घुमतो तो वेगळाच. शिवाय आज डिकी रिकामी आणि उद्या तीत दोन-तीनशे किलो सामान. मग मागची स्प्रिंग कोणत्या वजनासाठी बनवायची? मर्सिडीजने त्या पहिल्या टी-मॉडेललाच मागे आपोआप उंची सांभाळणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन दिलं होतं, ते याचसाठी. म्हणजे वेगवान इस्टेट ही एकमेकींशी न पटणाऱ्या दोन रिक्वायरमेंट एकाच डिझाइनमध्ये बसवण्याची भानगड आहे. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे दुखणं अनोळखी नाही :)

आता या कथेतला माझा सगळ्यात आवडता माणूस. माक्स राइसब्योक. बीएमडब्ल्यूच्या प्रोटोटाइप विभागात काम करायचा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्याच्यापुढे अगदी घरगुती प्रश्न उभा राहिला. बायको, मुलं आणि सुट्टीचं सामान असं सगळं तिनाच्या मालिकेतल्या सेडानमध्ये मावेना. आणि तो ज्या कंपनीत नोकरी करत होता ती कंपनी इस्टेट बनवतच नव्हती. दुसरा कोणी गुपचूप दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन मोकळा झाला असता. या पठ्ठ्याने मागून ठोकलेली एक तिनाची गाडी विकत घेतली, ती मित्राच्या गॅरेजात नेली आणि नोकरीनंतरच्या वेळात कापायला घेतली. छत लांबवलं, मागचे खांब नव्याने घडवले, वेल्डिंग केलं, पाचवा दरवाजा बसवला. सुमारे सहा महिन्यांत गाडी तयार झाली.

मग त्याने ती कंपनीत नेऊन दाखवली. वरच्या साहेबांना ती इतकी पसंत पडली की गाडी आता आवाराबाहेर न्यायची नाही असं त्याला सांगण्यात आलं. म्हणजे बिचाऱ्याने सुट्टीसाठी बनवलेली गाडी सुट्टीला जायच्या आधीच जप्त! १९८७ मध्ये बीएमडब्ल्यूने तिनाची टूरिंग अधिकृतपणे बाजारात आणायची घोषणा केली. तिच्यात सहा सिलिंडरचं अडीच लिटरचं इंजिनसुद्धा मिळायचं, म्हणजे सेडानची सगळी मस्ती शाबूत.

त्या गाडीत एक गंमत राहून गेली. मागचे दिवे सेडानच्याच जागी ठेवल्यामुळे पाचवा दरवाजा खालच्या बाजूला अरुंद होतो. वरून ऐसपैस, खाली दोन दिव्यांमध्ये चिंचोळा. रुंद खोका आत घालायचा तर तो आधी उचलून दिव्यांच्या वर न्यावा लागतो. जुन्या कोडवर नवीन फीचर चढवलं की असे कोपरे राहतातच. तरीही गाडी चालली, कारण लोकांना डिकीचे लिटर मोजायचे नव्हते. सामान मावणारी, पण चालवताना बीएमडब्ल्यूच वाटणारी गाडी हवी होती.

राइसब्योकची गाडी घरच्या गरजेतून आली. पुढची गाडी आली ती पैशाच्या गरजेतून. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे कंपनी मोठ्या आर्थिक अडचणीत होती. दुसऱ्यांची कामं घेऊन कारखाना चालता ठेवणं भाग होतं. श्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेन इथल्या रोस्ले-बाऊ नावाच्या तिच्या विभागात मर्सिडीजची '५०० ई' जुळवली जात असे. त्याच ठिकाणी १९९४ मध्ये ऑडीची 'आरएस२ अवांत' जन्माला आली. ऑडीच्या इस्टेटचा सांगाडा इंगोलश्टाटहून यायचा आणि पोर्शेची माणसं ती गाडी पुरी करायची. ब्रेक पोर्शेचे, चाकं पोर्शेची, बाहेरचे आरसेसुद्धा पोर्शे ९११ चे. इंजिन २.२ लिटरचं, पाच सिलिंडर, टर्बो, ३१५ अश्वशक्ती. तुलनेसाठी सांगतो, आपल्या मारुती ८०० ची ताकद होती ३७ अश्वशक्ती. म्हणजे साडेआठ मारुत्या एका बॉनेटखाली!

कमाल वेग ताशी २६२ किमी. ब्रिटनच्या 'ऑटोकार' साप्ताहिकाने मोजलं, तेव्हा ही गाडी शून्यापासून ताशी ३० मैलांपर्यंत मॅक्लारेन एफ१ पेक्षाही आधी पोचली. कारण साधं आहे. ऑडीची चारही चाकं जमीन पकडून ढकलतात, तर मॅक्लारेनची फक्त मागची दोन. पुढे मॅक्लारेन केव्हाच निघून जाते, तो भाग वेगळा. १९९५ पर्यंत या गाड्या बनल्या तीन हजारांच्याही आत. पण ऑडीच्या 'आरएस' या घराण्याची ती मूळ पुरुष ठरली. आणि त्या घराण्याची सुरुवात स्पोर्ट्स कारने नाही, तर सामान वाहणाऱ्या गाडीने झाली.

त्याच १९९४ साली इंग्लंडमध्ये आणखी एक करमणूक चालली होती. व्होल्वो म्हणजे तोपर्यंत सुरक्षित, चौकोनी आणि कंटाळवाणी गाडी अशी ख्याती. व्होल्वोने टॉम वॉकिंशॉ यांच्या टीडब्ल्यूआर या संघाबरोबर ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये उतरायचं ठरवलं आणि रेससाठी आणली '८५०' ची चक्क इस्टेट. चालक होते रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. लोक हसले. तेव्हा संघाने एकदा प्रेक्षकांसमोरच्या फेरीत गाडीच्या मागच्या भागात कुत्र्याचं मोठं भरीव खेळणं बसवून फिरवलं. हसायचंय ना, घ्या हसून! शर्यती काही त्यांनी जिंकल्या नाहीत. वर्षभरातला सर्वोत्तम क्रमांक पाचवा. १९९५ मध्ये नियमांनी मागे पंख लावायला परवानगी दिली आणि व्होल्वो सेडानकडे वळली. रिडेल १९९८ मध्ये विजेता झाला तोही सेडानमध्येच. पण आज लोकांना आठवते ती हरलेली इस्टेट. व्होल्वोने रस्त्यासाठी २४० अश्वशक्तीची 'टी-५आर' काढली, लोण्यासारख्या फिकट पिवळ्या रंगात, आणि तिच्या इंजिनाच्या कामात मदतीला पुन्हा पोर्शेच होती.

हे झालं कागदावरचं. अशा गाडीबरोबर रोज राहणं कसं असतं, ते मी ऑनसाइट असताना दीड वर्ष बाजूच्या सीटवरून पाहिलं. श्टुटगार्टमधला माझा एक सहकारी मला ऑफिसला घेऊन जायचा. दोन मुलांचा बाप, दहा वर्षं जुनी ताकदवान इस्टेट. कंपनीचं नाव राहू दे. मागे काय नसायचं? वर्षातून दोनदा बदलायचे हिवाळी टायर, मुलांच्या स्लेज, पाण्याचे क्रेट, फर्निचरच्या दुकानातले लांबलचक खोके. डिकीचा तळ गुडघ्याच्या थोडा वर, त्यामुळे क्रेट छातीपर्यंत उचलावा लागत नाही. उंच एसयूव्हीत सामान चढवून कंबर धरलेल्या माणसाला यातलं सुख विचारा. आणि जड भाग सगळे खाली असल्याने वळणावर गाडी डोलत नाही.

त्रासही होता. टायर पातळ, त्यामुळे खड्डा थेट पाठीच्या मणक्याला कळतो. फुटपाथला घासून रिमला ओरखडे पडलेले. पेट्रोल मोजून पिणं तिला माहीत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे मुलं असली की वेगाचा उपयोगच नाही. जोरात वळलं की मुलांना मळमळतं. त्यामुळे शाळेच्या रस्त्यावर ताशी ३० च्या पाटीखाली ती गाडी निमूट गाईसारखी चालायची. मग मुलं उतरायची, ऑटोबानला लागायचा चढ यायचा, आणि पुढची दीड-दोन मिनिटं मात्र तो एकदम गप्प व्हायचा. सगळं लक्ष रस्त्यावर आणि गाल किंचित वर. मी आधी मनात हिशोब केला होता की दिवसाच्या दोन मिनिटांसाठी एवढा खर्च म्हणजे शुद्ध चैन. दीड वर्षानंतर माझं मत वेगळं झालं. दिवसभरातली ती दोनच मिनिटं ना ऑफिसची होती ना घरची, त्याची स्वतःची होती. आणि त्यासाठी त्याने घरातल्या कुणाचंही काही काढून घेतलं नव्हतं. स्लेज मागे होत्याच की.

आपल्याकडे हे बीज रुजलंच नाही. प्रयत्न झाले. १९९२ मध्ये टेल्कोने पुण्यातून टाटा इस्टेट आणली, मारुतीने बलेनो अल्टुरा आणली, स्कोडाने ऑक्टेविया कॉम्बी आणली. पण आपल्या मनात तीन खोक्यांची सेडान म्हणजे साहेबाची गाडी, आणि लांब छताची म्हणजे अँब्युलन्स. २०१५ मध्ये ऑडीची आरएस६ अवांत इथे आली ती सव्वा कोटीच्या वर किमतीला, म्हणजे आपल्यासाठी नुसतंच दर्शन. मग एसयूव्ही आल्या आणि प्रश्न मिटला. फक्त आपल्याकडेच नाही हो, युरोपातही तेच. बीएमडब्ल्यूने १९९९ मध्ये एक्स५ आणली आणि पोर्शेने २००२ मध्ये कायेन. ज्या कंपन्यांनी वेगवान इस्टेटला हात लावला, त्यांनीच तिची जागा घेणारी गाडीही बनवली.

राहिली एक गोष्ट. २००० साली बीएमडब्ल्यूच्या इंजिनीअरांनी एम३ टूरिंगचा प्रोटोटाइप बनवला होता. एम३ चे रुंद मडगार्ड आणि साध्या टूरिंगचे मागचे दरवाजे एकमेकांना जुळवता येतात का, महागडे नवे साचे न बनवता, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. जुळवता येतात हे सिद्धही झालं. आणि तरीही गाडी निघाली नाही. बावीस वर्षं! ज्याने चालणारा पीओसी दाखवून मग तो रिपॉझिटरीत धूळ खाताना पाहिलाय, त्याला यातली कळ वेगळी सांगायला नको. शेवटी जून २०२२ मध्ये एम३ टूरिंग आली. ५१० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ३.६ सेकंदांत, आणि डिकी ५०० लिटर, सीट पाडल्या तर १५१०.

राइसब्योकच्या गॅरेजनंतर साधारण पस्तीस वर्षांनी कंपनी तिथवर पोचली. त्याच्याकडे मार्केट सर्व्हे नव्हता, मंजुरी नव्हती, साचे तर नव्हतेच. त्याच्याकडे होती एक ठोकलेली गाडी, मित्राची जागा, आणि सुट्टीला सगळ्यांना घेऊन जायची पण गाडी आपल्या आवडीचीच चालवायची ही जिद्द. बाप झाल्यावर गाडी बदलावी लागते हे त्यानेही मान्य केलं होतं. फक्त ती कशी बदलायची, हे ठरवायचं काम त्याने दुसऱ्या कुणावर सोपवलं नाही.

असो. बराच लांबला विकांताचा लेख. बाळ उठलंय :)