लग्नात पायात काय घालायचं?

हिमरूची शेरवानी शिवून झाली, फेट्याचा रंग ठरला, की नवरदेवाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेवटचा प्रश्न येतो: पायात काय? मोजडी, कोल्हापुरी की बूट? पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत एक चक्कर मारली की तिन्हींचे पर्याय दिसतात, म्हणून हा प्रश्न नुसत्या फॅशनचा वाटतो. पण आपलं शहर १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होतं, तिथे जोड्यांवरून दरबाराचा रिवाज बदलला होता.

साल १८६९. निजाम अफजल उद्दौला वारले आणि अडीच वर्षांचे महबूब अली खान गादीवर आले. तोपर्यंत निजामाच्या दरबारात इंग्रज रेसिडेंटलाही जोडे काढून जमिनीवर बसावं लागे. या वेळी रेसिडेंट सॉन्डर्स यांनी अट घातली: इंग्रज अधिकारी बूट घालून येतील आणि खुर्चीवर बसतील. दरबाराने ते मान्य केलं. आता वरचढ कोण, हे सगळ्यांना त्या बुटांवरून कळलं.

इंग्रजी मुलखात याच्या उलट. तिथे हिंदी माणसाने साहेबासमोर जोडे काढायचे. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या गव्हर्न्मेंट हाऊससाठी एक सवलत निघाली: ज्यांनी युरोपीय पद्धतीचे बूट-मोजे घातलेत, त्यांनी ते काढायची गरज नाही. देशी जोडा मात्र दाराबाहेरच. १८६२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सुरतेत माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी कोर्टात जोडे काढायला नकार दिला आणि मोठा वाद पेटला. चामडं दोन्हीकडे चामडंच, पण शिवण विलायती असली की मान मिळायचा.

ही झाली दरबार-कोर्टातली गोष्ट. गावातला नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो जास्त कडक होता. दलित माणसाने वरच्या जातींच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायच्या. लग्नही त्यातून सुटत नसे. तसंही लग्नविधीला बसताना नवरदेव जोडे काढतोच, मेव्हण्या ते पळवतात. पायातलं खरं मिरवायचं असतं ते वरातीत, म्हणजे भर रस्त्यावर. आणि रस्ता कुणाचा, हाच तर वाद होता.

माझ्या इंजिनिअरिंगच्या एका मित्राच्या लग्नात हे सगळं समोर आलं. ग्रुपवर आमचा कल कोल्हापुरीकडे होता, कारण 'ट्रॅडिशनल लुक'. त्याचे बाबा म्हणाले, "बूट. आणि पॉलिश करून." मित्राने कारण विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "तुझे आजोबा वेशीपासून वाडा संपेपर्यंत चपला हातात घेऊन चालायचे. नंतर ते इथे शिकायला आले, तेव्हा पहिल्या पैशातून त्यांनी बूट घेतले." आजोबा ज्या कॉलेजात शिकले, ते बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये आपल्या शहरात सुरू केलेलं, आजचं मिलिंद. सुटाबुटातले बाबासाहेब तुम्ही असंख्य फोटोंत पाहिले असतील. त्या बुटांकडे काकांच्या नजरेने पाहिलं, की कोण कुणाची नक्कल करतंय हा प्रश्नच उरत नाही. त्या घराची परंपरा बुटापासूनच सुरू होते.

कष्टकऱ्यांचं पायताण नवरदेवाच्या पायात येण्याची गोष्ट स्कॉटलंडमध्येही आहे. तिथले पुरुष लग्नात किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुणीदार लोकरी पोशाख घालतात. १७४६ मध्ये ब्रिटिश सरकारने या डोंगरी पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ मध्ये उठली. आज किल्टखाली नवरदेव 'गिली ब्रोग' घालतो. लांब नाड्या पायाभोवती गुंडाळायचा हा जोडा. 'गिली' म्हणजे शिकारीत मालकाबरोबर चालणारा गडी. गड्याच्या नावाचा जोडा आता लग्नात मिरवतो.

कोल्हापुरीचा प्रवासही शेताच्या बांधापासून मांडवापर्यंत झाला. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा लागतो. कमावण्याचं काम ढोर समाजाचं, चप्पल बांधण्याचं चर्मकारांचं, आणि नाजूक वेण्या बहुतेक बायकांच्या हातच्या. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. आपण सगळे चिडलो, आणि बरोबरच चिडलो. पण ज्यांनी चपला बांधल्या, त्याच समाजांतल्या माणसांना त्या घालून गावातून चालू दिलं जात नव्हतं, यावर तेवढा ट्रेंड कधी झाला नाही.

तर नवरदेवा, कोल्हापुरी घेणार असशील तर हाताने बांधलेली घे, भाव फार पाडू नकोस, आणि लग्नाआधी आठ-दहा दिवस घरात घालून फिर, नाहीतर वरातीत पाय सोलून निघतील. बूट घेणार असशील तर पॉलिश कर. शेरवानीवर दोन्ही शोभतात. फक्त घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा विचार, त्यांच्या लग्नात पायात काय होतं. काही घरांत उत्तर 'काहीच नाही' असं येईल. मग पुढचं 'का?' हेही विचार.