उघड्या आभाळाखालचे ओतकाम

शिल्प पाहायचे म्हणजे काचेच्या कपाटासमोर उभे राहायचे, अशी समजूत शाळेच्या सहलींनी आपल्या मनात पक्की केली आहे. युरोपात ती केव्हाच मोडली. नॉर्वेच्या ओस्लो शहरात गुस्ताव विगेलांडची दोनशेहून अधिक शिल्पे एका बागेत ऊन, पाऊस आणि बर्फ झेलत उभी आहेत. इंग्लंडात यॉर्कशायरच्या कुरणांत 1977 पासून असेच शिल्प-उद्यान आहे. आपल्या देशात 2017 साली जयपूरच्या नाहरगडावर, माधवेंद्र महालात आधुनिक शिल्पे मांडली गेली. किल्ला आणि शिल्पे यांची ही जोडी नवी म्हणून गाजली. धाराशिव जिल्ह्यातल्या आम्हा लोकांना मात्र तिचे नवल वाटू नये. परंड्याच्या बुरुजांवर ती जोडी शेकडो वर्षे आहे, फक्त तिला आपण कधी शिल्प म्हटले नाही, तोफ म्हटले.

परंड्याचा भुईकोट बहमनी वजीर महमूद गावान याने बांधला असे परंपरा सांगते. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा मलिक अंबरने निजामशाहीचा वारस मुर्तजा याला परंड्यातच गादीवर बसवले. म्हणजे काही काळ हे आजचे तालुक्याचे गाव एका सल्तनतीची राजधानी होते. आत नरसिंहाचे मंदिर आहे आणि मशीदही आहे. गावात हंसराज स्वामींचा मठ, जवळच डोमगावला कल्याणस्वामींची समाधी. एवढ्या लहान परिघात इतका इतिहास दाटलेला आहे, आणि आपण तुळजापूरच्या रस्त्याने पुढे निघून जातो.

या किल्ल्याची सर्वांत मोठी तोफ आज इथे नाही. मलिक-ए-मैदान तिचे नाव. 1549 साली अहमदनगरात, बुर्‍हाण निजामशहाच्या अमलात, मुहम्मद बिन हसन रूमी नावाच्या उस्तादाने ती ओतली. लांबी चौदा फुटांहून थोडी जास्त, वजन सुमारे 55 टन. लोक तिला पंचधातूची म्हणतात. तपासणीत मात्र सुमारे 80 टक्के तांबे आणि 20 टक्के कथील निघाले, म्हणजे घंटेची धातू. म्हणूनच बोटांनी टिचकी मारली तरी ती वाजते, असे पाहणारे सांगत आले आहेत.

पण आम्हाला सांगायचे आहे ते तिच्या तोंडाविषयी. रूमीने तोफेच्या तोंडाला सिंहासारख्या अक्राळविक्राळ प्राण्याचा जबडा दिला आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती दाखवला. गोळा फेकण्यासाठी याची काडीची गरज नव्हती. साध्या नळीतूनही गोळा तेवढाच लांब गेला असता. शत्रूला धाक बसावा हा हेतू होताच, पण नुसत्या धाकासाठी कुणी इतक्या निगुतीने दात घडवत नाही. मुसलमानांना मूर्तिकलेचे वावडे, असे एक ठोक वाक्य आपण दोन्हीकडून ऐकत आलो आहोत, आपल्या माणसांकडून तर अधिकच. ते वाक्य बोलणाऱ्याने एकदा या जबड्यासमोर उभे राहावे. त्याच तोफेवर निजामशहाचे नाव कोरले आहे आणि पैगंबरांच्या घराण्याविषयीची निष्ठाही.

पुढे 1632 मध्ये विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने ही तोफ परंड्याहून विजापूरला नेली. चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली, अशी आख्यायिका आहे. निजामशाहीसाठी रूमीने ओतलेली तोफ एका मराठी ब्राह्मण सरदाराने आदिलशहासाठी ओढून नेली. 1686 नंतर औरंगजेबाने तिच्यावर आपला लेख कोरवला. धर्मयुद्धाच्या चौकटीत हा प्रवास कसा बसवायचा, ते बसवणाऱ्यांनाच ठाऊक. इंग्रजी अमलात, 1854 साली, साताऱ्याच्या कमिशनरच्या हुकमावरून जुन्यापुराण्या मालाबरोबर तिचाही लिलाव झाला. बोली लागली 150 रुपये! किंमत फार कमी, शिवाय लोक तिला मानतात, असे तिथल्या अधिकाऱ्याने वर कळवले, म्हणून व्यवहार रद्द झाला. फुले वाहणाऱ्या त्या लोकांत हिंदू होते. रूमीचे ओतकाम भट्टीत वितळण्यापासून वाचले ते त्यांच्या श्रद्धेमुळे.

नळदुर्गची गोष्ट वेगळ्या वाणाची. तिथे शिल्प दगडाचे नाही, पाण्याचे आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बंधारा बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, तेव्हा महालात उभा असलेला माणूस कोरडाच राहतो. 1853 ते 1857 या काळात या जिल्ह्याचा कारभार पाहणारा मेडोज टेलर इथे राहिला आणि आत्मचरित्रात त्याने हा किल्ला लिहून ठेवला. 2014 साली राज्य सरकारच्या स्मारक संगोपन योजनेत किल्ला दत्तक दिला गेला, साफसफाई झाली, गर्दी वाढली. बागा हव्यात, आमची तक्रार नाही. पण पाणीमहालाकडे पाठ करून फोटो काढणाऱ्यांना तो बांधला कसा, हे सांगणारा एखादा फलक त्याहून आधी हवा होता.

जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले, विजापूरचे त्याआधी 2014 मध्ये. अहमदनगरचेही बदलले. तोफेच्या प्रवासातली तीन गावे, त्यांतली दोन नव्या नावांची. जुने नाव टिकले ते परंड्याचे.

परंड्याला बार्शीहून जाणे सोयीचे पडते. ऊन चढायच्या आत तटावर जावे. उरलेल्या तोफांजवळ जाऊन त्यांच्या अंगावरची अक्षरे आणि आकृती बोटांनी चाचपून पाहाव्यात. कोवळ्या तिरप्या उन्हात जे उठून दिसते, ते दुपारी दिसत नाही.