चार-चार : दोन म्हाताऱ्यांची बरोबरी

मी बुद्धिबळ खेळतो ते मोबाईलवर, लोकलमध्ये. डाव बरोबरीत सुटला की माझी चिडचिड होते. दहा मिनिटं फुकट गेली ना राव! पण आजची गोष्ट वाचल्यापासून माझं मत जरा बदललंय.

डिसेंबर 2009. रशियातलं एलिस्ता शहर. पटावर बोरिस स्पास्की, वय 72, आणि व्हिक्टर कोर्चनोई, वय 78.

दोघंही लेनिनग्राडचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं या शहराला वेढा घातला. चिमुकल्या स्पास्कीला बाहेर हलवलं गेलं. कोर्चनोई उपासमारीच्या त्या शहरातच राहिला, वडील युद्धात गेले. पुढे दोघं एकाच गुरूकडे शिकले, व्लादिमीर झाक यांच्याकडे.

1968 मध्ये कीव्हला स्पास्कीनं कोर्चनोईला हरवलं आणि पुढच्या वर्षी तो जगज्जेता झाला. 1972 ला फिशरनं त्याचं पद घेतलं, ते तुम्हाला माहितीच आहे. 1976 मध्ये कोर्चनोई ॲमस्टरडॅमच्या स्पर्धेनंतर परतलाच नाही. सोव्हिएत सरकारच्या लेखी तो गद्दार. त्याच वर्षी स्पास्की फ्रान्समध्ये राहायला गेला, पण खेळत राहिला सोव्हिएत संघाकडूनच.

मग 1977-78 ची बेलग्रेडची लढत. कोर्चनोई खूप पुढे होता. अचानक स्पास्की पटासमोर बसेनासा झाला. मागच्या खोलीत बसून भिंतीवरचा मोठा पट बघायचा, फक्त चाल करायला यायचा. कोर्चनोईचं डोकं फिरलं. तक्रारी झाल्या, तो सलग चार डाव हरला. तरी शेवटी साडेदहा-साडेसात असा जिंकला. मैत्रीचं मात्र खोबरं झालं.

आणि बत्तीस वर्षांनी हेच दोघं पुन्हा समोरासमोर. आता ना सोव्हिएत संघ उरला होता, ना जगज्जेतेपद पणाला होतं. आठ डाव झाले. निकाल? चार-चार.

मला वाटतं, ही बरोबरी म्हणजे तह नव्हता. दोघंही जिंकायलाच बसले होते. फक्त आयुष्यभराचा हिशोब कुणाच्याच बाजूनं पूर्ण झाला नाही.

कोर्चनोई 2016 मध्ये गेला, स्पास्की 2025 मध्ये.

काल लोकलमध्ये माझा डाव बरोबरीत सुटला. या वेळी लगेच नवा डाव लावला नाही. तोच पुन्हा पहिल्यापासून बघितला. तुम्हीही बघा कधीतरी. भेटू पुढच्या भागात!